बाद फेरी

आपल्या वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर दोन शब्द असे चपखल बसले आहेत, की ज्या कुणाला ते प्रथम सुचले असतील त्याचा एखाद्या साहित्य संमेलनात शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला हवा होता. एक 'साखळी' आणि दुसरा 'बाद'. स्पर्धेचा पूर्वार्ध साखळी सामन्यांचा. एक कडी तुटली की साखळी तुटते असे आपण म्हणतो. पण खेळातली साखळी मोठी सोशिक. तिच्या चार-पाच कड्या तुटल्या तरी ती आपली पुढे चालतच असते. उत्तरार्ध मात्र बाद फेरीचा. ह्या 'बाद' शब्दात दार धाडकन लावून घेतल्याचा आवाज आहे. नाणे बाद होते, मत बाद होते, हिशेबातून रक्कम बाद होते. आणि एकदा ती झाली, की थोडक्यात झाली की पुष्कळ, ह्याची विचारपूस कुणी करीत नाही.

कबड्डीच्या व्यावसायिक लीगची साखळी संपून बाद फेरी तोंडावर आली, की माझे घरात आणि कॉलेजात कुठेच लक्ष लागत नाही. मी मराठीची प्राध्यापिका. गिरगावातल्या एका कॉलेजात संतवाङ्मय आणि व्याकरण शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये क्रिकेटवर बोलणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण मानले जाते. टेनिसवर बोललात तर चहाचा पहिला कप तुमच्यापुढे येतो. पण "आज आमची पाटण्याशी गाठ आहे हो!" असे मी म्हटले, की सहकारी अशा नजरेने पाहतात, जणू मी पदर खोचून आता टेबलावरून उडीच मारणार आहे. त्यांना वाटते, बाईंचा हा एक लटका छंद आहे. त्यांना कसे सांगावे, की लालबागच्या चाळीत जन्मलेल्या मुलीने कबड्डी पाहणे हा छंद नव्हे. ती शेजारपाजारची खबरबात ठेवणे आहे?

साखळीचा काळ मला मानवतो. २०२४ साली झालेला अकरावा हंगाम घ्या. बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने. जिंकलात तर ५ गुण, बरोबरी झाली तर ३, आणि हरलात, पण सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात, तरी सांत्वनाचा १. मुंबई विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासण्यात ज्यांचे डोळे गेले आहेत त्यांना ह्यातली करुणा चटकन कळेल. ही तर आपली ए.टी.के.टी.! एखादा विषय राहिला तरी वर्ग पुढे चालू. राहिलेला विषय सावकाश सोडवा. आमचा संघ म्हणजे यू मुंबा. तो एखाद्या रात्री पाच गुणांनी हरला, तरी मी कागदावर तो एक गुण मांडून निश्चिंत झोपत असे. २०२५ च्या हंगामात चालकांनी हा सांत्वनाचा गुण काढून टाकला. जिंकणाऱ्याला २, हरणाऱ्याला शून्य, आणि बरोबरी तर ठेवायचीच नाही. उलट पुढच्या फेरीचे दार मात्र सहांऐवजी आठ संघांना उघडले. म्हणजे ग्रेस मार्क गेले, पण निकालाची टक्केवारी वाढली. हेही आम्हां परीक्षक मंडळींच्या परिचयाचेच आहे म्हणा!

पण साखळी कितीही लांबवली तरी ती केव्हा तरी संपते आणि ती करुणाही तिथेच संपते. २०१९ साली उपांत्य सामन्यात बंगालच्या संघाने आम्हांला ३७-३५ असे हरवले. अवघे दोन गुण! साखळीत असतो तर एक गुण पदरात पडला असता. त्यानंतर आमचा संघ पुन्हा बाद फेरीचे तोंड पाहू शकला तो थेट २०२४ मध्ये. २६ डिसेंबरच्या रात्री पुण्याच्या बालेवाडीत दोन सामने झाले. एकात उत्तर प्रदेशच्या संघाने जयपूरला ४६-१८ असे झोडपले. दुसऱ्यात पाटण्याने आम्हांला ३१-२३ असे नमवले. अठ्ठावीस गुणांनी हरलेला जयपूर आणि आठ गुणांनी हरलेली मुंबई, दोघांच्याही बॅगा त्याच रात्री भरल्या गेल्या. सव्वादोन महिन्यांची गणिते, फळ्यासारखी, एका हाताने पुसली गेली.

कुणी म्हणेल, ह्यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे? खेळ म्हटला की कुणीतरी हरणारच. कबूल. पण लालबाग-परळच्या माणसाला बाद फेरी नवी नाही, हीच तर अडचण आहे. आमच्याकडे साखळी हे प्रकरण फारसे ठाऊकच नव्हते. परळचे नरे पार्क, लाल मैदान, प्रभादेवीची चवन्नी गल्ली, अशा ठिकाणी मंडळांच्या स्पर्धा व्हायच्या, त्या बहुतेक पहिल्या दिवसापासून बाद पद्धतीच्याच. माती चाळायची, पाणी मारायचे, फक्कीने रेषा आखायच्या, बांबूंवर दिवे टांगायचे. रात्री नऊचा म्हणून जाहीर झालेला सामना साडेअकराला लागायचा. चाळीस मिनिटांत जो हरला तो उरलेला आठवडा प्रेक्षक. आणि त्या चाळीस मिनिटांवर नुसती ढाल किंवा चषक टांगलेला नसे. रेल्वे, बी.ई.एस.टी., बँका, तेल कंपन्या ह्यांचे स्वतःचे कबड्डी संघ असत, आणि त्यांची माणसे गर्दीत उभी राहून पोरे हेरीत असत. एक चांगली पकड बसली आणि एखाद्याच्या घरात कायमची नोकरी आली; एक पाय निसटला आणि आणखी एक वर्ष गिरणीच्या दारात. चढाईला निघालेल्या पोराच्या छातीत दम किती आहे हे त्याची आई गॅलरीतल्या फळीवर बसून मोजायची. म्हणून 'बाद' ह्या शब्दाचा धसका आम्ही वर्तमानपत्रातून घेतलेला नाही.

आता व्याकरण शिकवणाऱ्या बाईने थोडी शब्दांची चिकित्सा केली तर वाचकांनी रागावू नये. कबड्डीचे, म्हणजे आपल्या हुतूतूचे, पूर्वी तीन प्रकार होते आणि त्यांची नावे कुण्या रसिकाने ठेवली असावीत. पहिला 'अमर'. ह्यात गडी बाद झाला तरी मैदान सोडीत नाही; गुण तेवढा लिहिला जातो. दुसरा 'संजीवनी'. ह्यात बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो, पण त्याच्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की ह्यांचा एक गडी उठून पुन्हा आत येतो. शुक्राचार्यांच्या विद्येचेच नाव ते. दैत्यांनी कचाला तीनदा मारले आणि तीनदा तो उठला. तिसरा 'गामिनी'. गामिनी म्हणजे जाणारी. ह्यात बाद झालेला गडी उठत नाही. संघातले सगळे बाद होऊन डाव संपेपर्यंत तो बाहेरच.

आज आपण जी कबड्डी पाहतो ती संजीवनीच्या वंशातली. तिचे नियम नुसते वाचले तरी माणसाने विचारात पडावे. बाद झालेला गडी स्वतःच्या पराक्रमाने उठू शकत नाही. तो कडेला बसून राहतो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी चढाईने किंवा पकडीने त्याचे आत येणे ठरते. ज्या क्रमाने गडी बाद झाले त्याच क्रमाने ते उठतात. तिथे वशिला चालत नाही. आणि बोनस रेषा ओलांडून मिळवलेल्या गुणाने गुणफलक वाढतो, पण बसलेला एकही गडी उठत नाही.

हा शेवटचा नियम मला माझ्या वडिलांनी, आप्पांनी, लहानपणी समजावून सांगितला होता. "बाय, बोनसनं माणूस उठत नाही," असे ते म्हणाले आणि हसले. मला तेव्हा त्यात हसण्यासारखे काय आहे ते कळले नाही. पुढे कळले. गिरणगावात बोनस हा शब्द दिवाळीचा होता. फराळ, कपडे, फटाके सगळे त्या एका शब्दावर. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरूनच ठिणगी पडली आणि १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मी तेव्हा दीड-दोन वर्षांची होते.

आप्पा गिरणीत लागले ते बदली कामगार म्हणून. सकाळी दारात जाऊन उभे राहायचे. आत कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम, नाहीतर परत घरी. कायम झाले ते थोडे कामामुळे आणि थोडे कबड्डीमुळे, असे ते म्हणतात. कामगारांच्या स्पर्धांत ते उजवा कोपरा सांभाळीत. घोटा धरला की सुटायचा नाही अशी त्यांची ख्याती. संप मागे घेतला असे कुणी कधी नीट जाहीर केले नाही. तो नुसताच विरत गेला. काही गिरण्या उघडल्या, काही उघडल्याच नाहीत, आणि ज्या उघडल्या त्यांनी सगळ्यांना परत घेतले नाही. आप्पा बाद झाले. त्यांच्या संघातल्या सातांपैकी पाच जण बाद झाले.

त्यानंतरच्या काळाला मी मनातल्या मनात गामिनी म्हणते. कुणी गावी जाऊन भातशेतीला लागला, कुणी मुलांच्या शाळा सोडवल्या, कुणी दारूला लागला, एक जण तर कुठे गेला तेच कुणाला कळले नाही. आप्पा गॅलरीत बसून राहत. गिरणीचा भोंगा वाजत नव्हता, पण पहाटे त्या वेळेला ते उठून बसत.

आमच्या घरातली पुढची चढाई आईने केली. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत पापडाचा केवढा प्रपंच उभा राहिला, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. त्या सात जणी! कबड्डीच्या संघात गडीही सातच असतात, हे माझ्या ध्यानात यायला पुष्कळ वर्षे लागली. आई सकाळी केंद्रावर जाऊन मळलेले पीठ आणायची, दिवसभर लाटायची, वाळवायची, आणि दुसऱ्या दिवशी पापड वजनाला लावून पैसे घेऊन यायची. आमच्या एका खोलीत पाय ठेवायला जागा नसे; जिकडे तिकडे चंद्र पसरलेले. आप्पा ते उलटवायचे काम करीत. ज्या हातांनी घोटे धरले त्यांनी पापडाची कड मोडू न देता तो उचलायचा. ते त्यांना उत्तम जमले.

आणि मग एके दिवशी त्यांच्या संघातला डावा कोपरा घरी आला. तो कबड्डीच्या जोरावर पूर्वीच रेल्वेत लागलेला. त्याने मशीद बंदरच्या एका पेढीवर शब्द टाकला होता. गोदामात माल मोजून वहीत लिहायचे काम. पगार गिरणीच्या निम्मा. आप्पा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन बाहेर पडले, तेव्हा आईने देवाला दिवा लावला, आणि मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेले. संजीवनी विद्या शुक्राचार्यांकडे असेलही. आमच्या चाळीत ती एका रेल्वेवाल्या कोपरारक्षकाकडे होती. पण त्याने तरी किती जणांना उठवावे? ज्यांच्यासाठी कुणी चढाईच केली नाही, ते पुष्कळ जण बसूनच राहिले. हेही सांगायला हवे, नाहीतर गोष्ट फार गोड होते.

२६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या वल्लभभाई पटेल बंदिस्त क्रीडागारात ह्या लीगचा पहिलावहिला सामना झाला. मुंबईने जयपूरला ४५-३१ असे हरवले. लाल मातीऐवजी मॅट, हॅलोजनऐवजी रंगीत झोत, पंचाच्या शिट्टीबरोबर संगीताचा कल्लोळ. आप्पा दूरदर्शन संचासमोर ताठ बसले होते. मी विचारले, "आप्पा, हे आपलंच का हो?" ते म्हणाले, "घोटा तसाच धरतायत." तेवढ्यावर त्यांनी नव्या जमान्याला मान्यता दिली.

त्या पहिल्या हंगामात अंतिम सामन्यात त्याच जयपूरने आम्हांला ३५-२४ असे हरवले. दुसऱ्या वर्षी, २३ ऑगस्ट २०१५ ला, आम्ही वरळीतच बंगळूरला ३६-३० असे हरवून चषक घेतला. तिसऱ्या हंगामात, ५ मार्च २०१६ ला, पाटण्याकडून ३१-२८ असे हरलो. तीन हंगामांत तीन अंतिम सामने! त्या सुखाची सवय लागली, आणि सवय लागलेल्या सुखाचे काय होते ते संसारी माणसांना मी सांगायला नको.

चाळीतल्या जुन्या मंडळींची ह्यावर एक तक्रार असे. "आमचा संघ, आमचा संघ कसले म्हणता? कप्तान हरियाणाचा, एक जण इराणचा!" तक्रार खोटी नव्हती. २०१५ चा कप्तान अनूप कुमार हरियाणाचा. फझल अत्राचली इराणचा. मुंबईचे म्हणावेत असे रिशांक देवाडिगा, विशाल माने असे मोजकेच. आज लिलावात बोली लागते आणि पोर मुंबईचे होते. मलाही हे थोडे खुपत असे. आप्पांना मात्र ह्यात वावगे काहीच वाटेना. ते म्हणाले, "मी तरी कुठला? रत्नागिरीहून बोटीनं आलो. शेजारचा साताऱ्याचा, खालचा आझमगडचा. गिरणीनं आत घेतलं म्हणून मुंबईचे झालो. ह्यांना मॅटनं आत घेतलंय." कामाच्या शोधात येतो तो मुंबईचा, ही व्याख्या मी त्यानंतर कुठल्याही समाजशास्त्राच्या पुस्तकात इतक्या थोडक्यात वाचलेली नाही.

ज्या गिरण्यांनी त्यांना आत घेतले होते त्यांच्या जागी आता मनोरे उभे आहेत. लालबागच्या पुलावरून जाताना नवख्याला कळणारही नाही की इथे चिमण्या होत्या. मैदानांना गाड्यांनी वेढा घातला आहे. पण कबड्डी मात्र उठली. पूर्वी जी पोरे नोकरीच्या आशेने खेळत ती आता लिलावाच्या आशेने खेळतात. आशेत फार फरक नाही, आकड्यात आहे. लिलावात बोली न लागलेले पोर संध्याकाळी पुन्हा मातीवर येऊन दंड घासते, तेव्हा मला गिरणीच्या दारातला बदली कामगार आठवतो.

म्हणून बाद फेरी सुरू झाली की माझी नजर चेंगटपणे एकाच जागी जाते. सारे लोक चढाई करणाऱ्याकडे पाहतात. मी कडेला बसलेल्या बाद गड्यांकडे पाहते. साखळीत ते गुडघ्यांना मिठी घालून, गप्पा मारल्यासारखे बसतात. बाद फेरीत ते बसल्या जागी खेळत असतात. आपला गडी मध्यरेषेकडे झेपावला की त्यांचे हात पुढे जातात, जणू तेच त्याला ओढून घेणार. आपल्या उठण्याची सारी मदार दुसऱ्याच्या दमावर आहे, हे त्यांच्याइतके कुणाला कळत असेल? पुढे चाळीस मिनिटे संपतात, एक संघ आनंदाने नाचू लागतो, आणि हरलेल्या संघातले बाहेर बसलेले गडीही उठून मॅटवर येतात, हात मिळवायला. त्या उठण्याला गुण नसतो. पण मी ते पाहिल्याशिवाय संच बंद करू देत नाही.

२०२४ च्या त्या रात्रीही दिला नाही. ३१-२३ झाले, हात मिळवून झाले. मी विषण्ण होऊन म्हटले, "संपलं, आप्पा. बाद फेरी म्हणजे गामिनीच. बाद झाला तो गेला."

आप्पा पंचाहत्तरीचे आहेत. गुडघे धरून ते उठले, पाण्याचा घोट घेतला, आणि कोपरारक्षकाच्या शांतपणे म्हणाले, "गामिनीतसुद्धा सगळे बाद झाले की डाव संपतो, बाय. मग नवा डाव. तेव्हा सातही जणांना उभं राहावं लागतं; बसून चालत नाही."

आणि दिवा मालवता मालवता त्यांनी विचारले, "पुढचा लिलाव कधी आहे म्हणालीस?"